मुरमाचा हात

तात्यारावच्या दमणीत बसलं की पोटातलं पाणी हलत नाही, असं धामणवाडीत म्हणायचे. म्हणणाऱ्यांत पहिला नंबर अर्थात तात्यारावचाच असे. पण गोष्ट खोटी नव्हती. दमणी हलकी, चाकं गोल घडवलेली, वर वेताचं छत, आत गादी, आणि पुढं हौशा-नवशाची लालकंधारी जोडी. बैल असे, की कासरा नुसता हातात धरायचा, ओढायची पाळी येत नसे.

ही दमणी वर्षातून एकदा नटायची, नागपंचमीच्या तोंडावर. चार कोसांवर राणीसावरगावला सगुणा दिली होती. तिला पंचमीला माहेरी आणायला तात्याराव मुराळी म्हणून निघायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण एकदा खाडा नाही. फक्त दुष्काळाच्या साली मुराळी जायची गरज पडली नाही, कारण सासरची विहीर आटल्यामुळं सगुणा वर्षभर माहेरीच होती. एरवी पेठेतून दमणी निघाली की राणीसावरगावच्या बाया ओट्यावर यायच्या, "सगुणे, तुझा दादा आला गं," म्हणायच्या, आणि तात्याराव फेटा सावरत, कुणाकडं बघत नाही असं दाखवत सगळ्यांकडं बघायचा. त्याच्या वर्षातला तो सगळ्यात मोठा दिवस. आई-बाप लवकर गेले, सगुणा आणि तिच्या पाठचा दिनकर यांना त्यानंच वाढवलं. त्याचं सगळं फळ त्याला त्या एका दिवसात मिळायचं.

आणि नेमक्या त्याच दिवसावर दिनकरनं डल्ला मारला.

दिनकर परभणीला होता. दादानं मॅट्रिकपर्यंत शिकवलं, पुढं त्यानं खताचं-बियाण्याचं दुकान टाकलं. दुष्काळ सरल्यावर जो तो हायब्रीड जवारी पेरायला लागला आणि दुकान धावायला लागलं. दुष्काळाला तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. श्रावणाचा पहिलाच दिवस होता. दुपारी गावात मोटारीचा भोंगा वाजला. बांधावरून तात्याराव घरी येतो तर दारात एक दुधी रंगाची लहानशी फियाट उभी, आणि तिच्याभोवती अख्खी आळी. परभणीच्या कुण्या डॉक्टरनं वापरून विकलेली गाडी होती. पण पुसून-पुसून अशी लख्ख केलेली, की तिच्यात तोंड दिसेल.

"दादा, कशी हाय गाडी?" दिनकरनं पाया पडून आधी तेच विचारलं.

"हाय की," तात्याराव म्हणाला. "लय बुटकी हाय."

त्याची बायको कडूबाई मात्र गाडीच्या काचेवरून हात फिरवत होती. लग्नाला वीस वर्षं झाली, दमणीच्या छतावरून तिनं असा हात कधी फिरवला नव्हता. तात्यारावनं ते बघितलं आणि त्याच्या पोटात दुखलं. साधंसुधं नाही, मुरडा पडल्यासारखं.

"दादा, बैस की पुढं. तुला फिरवून आनतो."

"मला काय फिरायचंय? बैलं पाण्यावर न्यायचीत."

"बसा की वो," कडूबाई म्हणाली. "भाऊ येवढं म्हनायलाय तर."

बसला. सकाळी पाऊस होऊन गेला होता आणि गावाबाहेरची पांदी काळ्या चिखलानं माखली होती. परभणीकडची काळी माती ज्यानं तुडवली त्यालाच कळते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात काठी जाते, आणि पावसात तिचं लोणी होतं. त्या लोण्यात ही एवढीशी गाडी आता फसणार आणि आपण उतरून म्हणणार, 'थांब, बैलं आनतो', अशा तयारीनंच तात्याराव बसला होता.

गाडी फसली नाही. दिनकरनं स्टेअरिंगजवळचा दांडा एकदा हलवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. गाडी सावकाश, एका चालीनं चिखलात शिरली. मध्येच तिचं मागचं बूड डावीकडं सरकलं. तात्यारावनं दाराची मूठ गच्च धरली. दिनकरनं शांतपणे स्टेअरिंग डावीकडंच फिरवलं, आणि गाडी आपोआप सरळ झाली.

"चिखलात बिरीक म्हंजे वैरी, दादा," दिनकर सांगत होता. "बिरीक दाबली की चाकं बंद. चाकं बंद झाली की गाडी आपली ऱ्हात न्हाई, चिखलाची व्हती. दुसऱ्या गेरवर टाकायची आन पेट्रोल हळूहळू द्यायचं. मागचं बूड जिकडं सरकंल तिकडंच इष्टेरिंग वळवायचं."

"तिकडंच? उलटीकडं कामून न्हाई?" न राहवून तात्यारावनं विचारलं.

"बैल बुजल्यावर तू कासरा उलटा वढतोस का? जरा त्याच्या कलानं जाऊ देतोस, मग वाटंला आनतोस. तेच हाय हे. तूच शिकवलंस की मला."

 खरं सांगायचं तर तात्यारावला ती गाडी बेहद्द आवडली होती. वजन हलकं, चाकं लहान, तरी काय तिची जात! सरकते काय, सावरते काय. अशी वस्तू आपल्या धाकट्यानं अशी चालवावी, हे बघून खरं म्हणजे छाती फुगायला हवी होती. पण छाती काही फुगेना. उलट वाटलं, की ही गाडी उद्या दारोदार आपल्या दमणीची अब्रू काढत फिरणार.

"मागं वजन पायजे फकस्त," दिनकर म्हणाला. "जोर मागच्या चाकाला हाय. डिकीत दोन पोती टाकली की गाडी भुईला धरून चालती. रिकामी असली की बूड लय नाचवती. कशी वाटली, दादा?"

"आवाज लय करती," तात्याराव म्हणाला आणि खाली उतरून धोतर झटकायला लागला, जसं काही गाडीतच चिखल होता.

जेवायला बसल्यावर दिनकरनं मुख्य गोष्ट काढली. त्याची बायको तिच्या माहेरी जिंतूरला गेली होती, म्हणून पंचमीला तो इथंच राहणार होता. "मग औंदा अक्काला मी आनतो, दादा. गाडी हाय तर कामून दोन दिस घालवायचे? चवथीला सकाळी जातो आन दुपारच्याला घेऊन येतो. तू जरा आराम कर."

आराम कर! जसा काही तात्याराव थकलेला बैल होता आणि त्याला गोठ्यात बांधून वैरण टाकायची होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तो "बरं," एवढंच म्हणाला. भाकरी हातात होती, ती तशीच ताटात ठेवून उठला.

"पोट बरं न्हाई का?" कडूबाईनं विचारलं. पोट खरोखरच बरं नव्हतं.

पुढचे दोन दिवस तात्यारावच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. राणीसावरगावच्या पेठेत ती दुधी गाडी उभी आहे, बाया ओट्यावर आल्या आहेत, आणि सगुणा तोंडभर हसत म्हणते आहे, 'माझा भाऊ आलाय.' कुठला भाऊ, हे कुणी विचारतसुद्धा नाही. पुढच्या सालीही गाडीच जाणार. त्याच्या पुढच्या सालीही. दमणीत मग कोंबड्या अंडी घालणार.

असं जळत असतानाच त्याला ओढ्याकाठचा तो तुकडा आठवला.

राणीसावरगावकडं जाणारी सडक दुष्काळी कामात झाली होती आणि त्या कामावर तात्याराव मुकादम होता. भराव काळ्या मातीचाच, पण त्यावर वीतभर मुरूम टाकून धुमसानं ठोकून बसवायचा, असा हुकूम होता. गावाबाहेर मैलभरावर, ओढ्याच्या काठानं पुरुषभर उंच भराव होता. तिथपर्यंत काम आलं आणि जवळची मुरमाची खाण संपली. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार, असा निरोप आला. तेव्हा मुकादमानं त्या पंचवीस-तीस पावलांच्या तुकड्यावर मुरमाचा नुसता हात फिरवला, भिंतीला पोचारा द्यावा तसा. वरून लाल, खाली निव्वळ काळी. साहेब जीपमधून उतरलाच नाही. ज्या टोळीनं तो हात फिरवला तिच्यात टोपली वाहायला सगुणाही होती.

कोरड्या दिवसांत त्या तुकड्याचं काही नाही. पण पाऊस पडला की वरचा लाल थर खालच्या चिकणावर सरकतो, आणि दिसायला सडक चांगली धडधाकट दिसते. धामणवाडीचे गाडीवाले तिथं सडक सोडून शेजारच्या खडकाळ माळानं जात. परभणीचा माणूस गावात येतो तो दुसऱ्या अंगानं. त्याला काय ठाऊक?

दिनकरला सांगायला एका वाक्याचं काम होतं. 'दिनू, ओढ्यापाशी माळानं घे.' तात्यारावनं ते वाक्य दोन दिवस तोंडात घोळवलं आणि तंबाखूबरोबर थुंकून टाकलं.

त्याला भावाचं वाईट करायचं नव्हतं, हे त्यानं स्वतःला शंभरदा सांगितलं. गाडी जरा सरकावी. कडेला रुतावी. शर्टपँटवर चिखल उडावा. आणि तेव्हाच आपण हौशा-नवशाला घेऊन तिथं पोचावं, गाडी वर काढावी आणि सगुणाला म्हणावं, 'बस बाई दमणीत.' एवढंच! एवढ्यानं काय कुणाचं बिघडतं?

चवथीच्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. सगुणाच्या घरी द्यायची जवारीची दोन पोती तात्यारावनं स्वतः उचलून डिकीत टाकली.

"ब्येस झालं," दिनकर म्हणाला. "मागं वजन झालं."

ती पोती राणीसावरगावला उतरणार आणि परतताना डिकी रिकामी असणार, हे तात्यारावला पोतं पाठीवर असतानाच सुचलं होतं. त्यानं डिकीचं झाकण लावून टाकलं.

"दादा, रस्ता बरा हाय ना?" काच खाली करून दिनकरनं विचारलं.

"तू जा तर," तात्याराव म्हणाला.

गाडी गेली. तात्याराव गोठ्यात शिरला आणि आढ्याला टांगलेला मोटेचा नाडा खाली ओढला. विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोट बंद पडली होती, नाडा तेव्हापासून तिथंच लोंबकळत होता. मनगटाएवढा जाड दोर, चांगला लांब. धुळीनं माखलेला, पण पक्का. बैल माळाच्या कडक जमिनीवर उभे करायचे तर नाडा लांबच पाहिजे, हा हिशेब त्यानं रात्रीच करून ठेवला होता.

"हे कशाला काढलं?" कडूबाईनं अंगणातून विचारलं.

"उंदरं लागलीत का बघायलोय," तो म्हणाला आणि नाडा दमणीत टाकून निघालासुद्धा.

ओढ्याजवळ माळावर एक लिंब होता. त्याच्याखाली त्यानं दमणी सोडली, बैलांपुढं गवत टाकलं, घोंगडं अंथरलं आणि चंची काढून बसला. जत्रेतली कुस्ती बघायला आधीच जागा धरून बसतात तसा. बारा वाजले. आभाळ भरून आलं, आणि लाज वाटायच्या ऐवजी त्याला बरं वाटलं. मग सर आली ती चांगली तासभर कोसळली. वरच्या अंगाला जास्तच झाला असावा, कारण ओढ्याला लाल पाणी आलं आणि बघता बघता छातीला लागेल एवढं चढलं. तात्याराव घोंगड्याची खोळ घेऊन बसून राहिला. ओढ्याचं पाणी चढतंय हे त्याला दिसत होतं. तरी त्याचा जीव थाऱ्यावर होता, कारण त्याच्या मनातल्या चित्रात गाडी माळाच्या बाजूला सरकत होती. गाडी दुसऱ्या बाजूलाही सरकू शकते, हे त्याला सुचलंच नव्हतं. मत्सर माणसाला एकाच डोळ्यानं बघायला लावतो.

पाऊस उघडल्यावर लांबून घरघर आली. दुधी गाडी वळणावर दिसली. पुढच्या सीटवर, दिनकरच्या डाव्या हाताला, सगुणाचा हिरवा पदर दिसला.

गाडी तुकड्यावर चढली आणि चार पावलं नीट आली. मग तिचं रिकामं बूड माळाच्या बाजूला घसरलं. दिनकरनं स्टेअरिंग तिकडंच वळवलं. गाडी सावरली. पण सावरता सावरता बूड आता ओढ्याच्या बाजूला फेकलं गेलं, पहिल्यापेक्षा जोरात. दिनकरनं पुन्हा वळवलं. तेवढ्यात सगुणा किंचाळली, ते तात्यारावला माळावर ऐकू आलं.

"बिरीक लावू नको!" तो ओरडत धावला. "दिनू, बिरीक लावू नको रं!"

पण बहीण शेजारी किंचाळत असताना कुणाचा पाय थांबतो? दिनकरनं ब्रेक दाबला. चारी चाकं गच्च झाली आणि गाडी आडवी होऊन, आवाजसुद्धा न करता, ओला साबण पाटावरून सरकावा तशी कडेकडं निघाली. मागचं उजवं चाक भरावाच्या बाहेर गेलं. गाडी त्या बाजूला कलली आणि अर्धवट लटकून थांबली. खाली लाल पाणी होतं. चालक उजवीकडं बसतो, म्हणजे पाण्याच्या अंगाला दिनकर होता.

त्या क्षणी तात्यारावच्या मनातून दमणी, पेठ, ओट्यावरच्या बाया सगळं गेलं.  सगुणा आपल्या बाजूचं दार उघडायला धडपडत होती.

"उतरू नको!" तो ओरडला. "सगुणे, हलू नको! तुझ्याच वजनानं गाडी अडलीय. तू उतरलीस की दिनू खाली जाईल!"

ती जागच्या जागी थिजली. तात्यारावनं बैल जुंपले की नुसते जुवाखाली ढकलले, त्याचं त्याला कळलं नाही. नाडा खांद्यावर घेऊन तो भरावावर चढला, दोनदा आपटला, गुडघ्यावर रांगत गाडीपाशी गेला आणि पुढच्या बंपरच्या आत हात घालून लोखंडाला गाठ मारली. दुसरं टोक माळावर जुवाला बांधलं. हौशा-नवशानं खुर रोवले आणि नाडा ताणला.

"आता बिरीक सोड! इष्टेरिंग माळाकडं! गेरमधून काढ!"

एकदा ओढलं, चाक कडेला लागून मागं आलं. दुसऱ्यांदा ओढलं, तशी कडेची माती ढासळून पाण्यात पडली. तिसऱ्यांदा तात्यारावनं बैलांना हाक दिली ती बैलांनीही आयुष्यात ऐकली नसेल. गाडी चिखलातून फरफटत वर आली आणि उताराला लागून माळावर जाऊन उभी राहिली.

दिनकर गाडीतून उतरला. त्यानं चिखलातच बसून तात्यारावच्या पायांना मिठी मारली. "दादा, तू देवावानी धावून आलास. तू नसतास तर आमी दोघंबी गेलोच व्हतो."

हेच तात्यारावला ऐकायचं होतं. शब्दही जवळपास तेच. त्याला पाय मागं घ्यायचे होते, पण दिनकरची मिठी सुटेना.

 सगुणानं लिंबाखालचं घोंगडं बघितलं, त्याखालची कोरडी जागा बघितली. बैलांनी अर्धं खाऊन टाकलेलं गवत बघितलं. मग खाली पडलेल्या नाड्याकडं बघत राहिली.

"दिनू, तू गाडी माळानं मागून घे," ती म्हणाली. "मी दादाच्या दमणीत बसते."

तात्यारावला हवं ते सगळं मिळालं होतं. दमणी पुढं चालली होती, आत बहीण होती, आणि मोटार मागून गोगलगायीच्या चालीनं येत होती. अर्धी वाट सरली.

"दादा, हा मोटंचा नाडा हाय ना?"

"व्हय."

"गोठ्यात टांगलेला व्हता."

तात्याराव बैलांच्या शेपटांकडं बघत राहिला.

"मी सांगितलं व्हतं दिनूला," सगुणा हळूच म्हणाली. "म्हनलं, हितं दादा माळानं जातो, तू बी माळानं घे. तर म्हनला, 'अक्का, सडक दादानं केलीय. सकाळी निघताना मी त्याला इचारलं. काई असतं तर दादा सांगितल्याबिगर ऱ्हायला असता का?'"

तिनं पदर तोंडाला लावला. "सकाळपसून उपाशी हाय मी. चवथीचा, भावाचा उपास हाय आज. दोघांच्याबी नावचा."

 तात्यारावनं कासरा ओढला, ओढायची काही गरज नसताना. 

घरी पोचल्यावर गाव जमलं. दिनकरनं सगळ्यांना सगळं सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि दर वेळी दादाचे बैल आणखी जोरात ओढत गेले. ऐकणारे तात्यारावकडं कौतुकानं बघत होते. 'शेवटी दमणीच कामाला आली की नाही?' असं दोघा-तिघांनी म्हटलं. सकाळी हे ऐकायला त्यानं जीव टाकला असता. आता प्रत्येक शब्द जखमेवर मीठ चोळल्यासारखा लागत होता. माणसं गेली. कडूबाईनं दोघा भावांपुढं ताटं ठेवली. सगुणा चुलीजवळ नुसती बसली होती.

"पर दादा," घास घेता घेता दिनकर म्हणाला, "तू नेमका तिथं कसा काय व्हतास?"

तात्यारावचा हात थांबला. चुलीजवळून सगुणा पटकन म्हणाली, "दादा दरसाल चवथीला माझ्यासाठी तिकडंच येतो. ह्या साली बी वाट बघत बसला आसंल. त्याला करमतंय व्हय?"

किती सहज खोटं बोलली. त्याला वाचवायला, उपाशी पोटी.

"मग नाडा कशाला नेला व्हता?" कडूबाई म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, ती दिनकरच्या ताटात भाजी वाढत होती. "म्या इचारलं तर म्हनले, उंदरं बघायलोय."

 दिनकरनं मान वर केली. आधी तो हसला, काहीतरी गंमत असेल म्हणून. मग सगुणाकडं बघितलं, तर ती खाली बघत होती. मग दादाकडं बघितलं.

अजूनही सांगता आलं असतं काहीतरी. तात्यारावला चार निमित्तं सुचलीसुद्धा. पण 'दादा सांगितल्याबिगर ऱ्हायला असता का' हे वाक्य कानात बसलं होतं, ते हलेना.

"त्या तुकड्याला मुरूम न्हाई," तो म्हणाला. "नुसता हात फिरवलाय. मला ठावं व्हतं. तू घसरावास म्हनून सांगितलं न्हाई."

 दिनकरनं ताटातला घास चिवडून ठेवला. ओरडेल, ताट फेकेल, उठून जाईल, असं तात्यारावला वाटत होतं, आणि त्यानं तसं केलं असतं तर बरंच झालं असतं.

"दादा," शेवटी दिनकर म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा आला. "परभनीहून गाडी घेऊन म्या पयल्यांदा हितं आलो. दुकानासमोर न्हाई, सासऱ्याच्या दारात न्हाई. हितं. आल्यापसून तुला एकच इचारायलोय, गाडी कशी हाय. आवाज करती म्हनलास, बुटकी हाय म्हनलास. एकदा चांगली हाय म्हनला असतास, तर अक्काला आनायला तूच दमणीनं गेला असतास. मी मागं बसलो असतो."

कडूबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं होतं. तात्यारावनं खाली बघितलं. त्याच्या धोतराला गुडघ्यापर्यंत काळा चिखल होता, वाळून पांढुरका पडत चाललेला.

"चांगली हाय," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "लय चांगली हाय गाडी, दिनू. पांदीतून फिरवलंस त्याच दिशी वाटलं मला. आन तू चालवतोस बी लय चांगली."

दिनकरनं नुसती मान हलवली. दोघांच्याही ताटात भाकरी तशीच होती. सगुणा चुलीजवळून उठली, तिनं ती दोन्ही ताटं गरम भाजी घालून पुन्हा दोघांपुढं सरकवली, आणि दोघं जेवेपर्यंत तिथंच बसून राहिली.